सायकलीचं खोगीर

त्या दिवशी फाट्यावरच्या सायकलीच्या दुकानाम्होरं कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनाय नको की म्हातारी मनचं सांगतीया. दुकानदार हुता, उकिडवा बसून पंक्चर काढत. बाकड्यावर ऊस वाहनारा ट्रॅक्टरवाला हुता आन त्याच्या मांडीला मांडी लावून पानटपरीवाला. माझे थोरले दीर हुते, तळहातावर तंबाखू मळत हुभे. आन मी हुते, डोक्यावर पदर, हातात सायकल. बाईमानूस मी येकलीच. नावं घेत न्हाय. निम्म्यांची माती झाली, निम्म्यांची नातवंडं मला आजी म्हनत्यात. पन त्या दिवशी हसले समदे, ते मी इसरले न्हाय.

नव्वद सालाच्या मागनं दोन-तीन वर्सांची गोष्ट. माझी धाकटी तवा तिसरीत हुती. आमी सणसरच्या अंगाला ऱ्हायचो, इंदापूर तालुक्यात. मालक बारामतीच्या एमआयडीसीत हेल्पर हुते. येक दिस शेडच्या पत्र्यावरनं खाली आले आन कंबर बसली. डाक्टर म्हनला, सा म्हैनं खाटंवरनं उठायचं न्हाय. घरात तीन पोरं, सासू, आन खाटंवर नवरा.

आठ दिस झाले न्हाईत तवर थोरल्या दिरांचा निरोप आला. धाकट्याच्या बायकूला आमच्या उसात खुरपायला लावा, दोन टायमाची भाकरी घालू. भाकरी घालू! राखनीच्या कुत्र्याला म्हनत्यात तसं. त्यांच्या उसात मी येकदा वाकले आसते तर जल्मात परत ताठ झाले नसते. म्या न्हाय म्हनले. तवापासनं भावाभावांत बोलनं तुटलं, आन त्याचं खापर बी माझ्याच डोक्यावर फुटलं.

एमआयडीसीत दुधाचा येक प्लांट हुता. तितं कॅन धुवायला बाया लागत हुत्या. मी गेले, त्यांनी घेतलं, पितळंचा बिल्ला दिला. सकाळी सातला फाटकाच्या आत पायजे. धा मिन्टांच्या वर झालं की उशीर. आसं तीन उशीर झाले की बिल्ला जमा, आन घरी. सुपरवायझरनं पयल्याच दिवशी सांगितलं, "बाई, दूध कुनासाठी थांबत न्हाय, नासतंय." त्याचं काय चुकलं न्हाय, पन बोलायचा असा, जनू मीच नासले हाय.

घरापासनं प्लांट चार कोस. इंदापूरवरनं येनारी येष्टी तिच्या मनाला यील तवा यायची. ऱ्हायली सायकल. ती बी कसली? मालकांनी येका सायबाच्या बंगल्यावर बागंचं काम केल्यालं, तितल्या बाईनं अडगळीतली काढून दिल्याली. तिच्या पोराची रेसची सायकल. बारीक चाकं. हँडल मेंढ्याच्या शिंगावानी खाली वळल्यालं. आन शीट म्हंजी कुदळीचा दांडा उभा ठिवावा आन त्याच्यावर मानूस बसवावं.

मी बापाच्या घरी घोडीवर बसल्याली. आमी मेंढरं वळनारी मानसं, बिऱ्हाड घोडीवर टाकायचं आन पानी बगून म्होरं जायचं. ते समदं माझं लगीन झालं तवर सपलं. पन अंगात हुतं. नांगरल्याल्या रानात चार दिस सायकलीवरनं पडले, पाचव्या दिशी ती चालली. नऊवारीत टांग टाकायला सोपं. गावातले म्हनायचे, "मेंढरं इकली आन ही शिंगावर बसली." म्हनंनात.

पयले आठ-धा दिस अंग दुखलं, ते कुनाचं बी दुखतं. त्याच्या म्होरं नुसतं अंग न्हवतं. लुगड्याचा काष्टा मागं खोवल्याला, त्याची घडी बरुबर मधी यायची. खाली टनक शीट, वर ती घडी, आन चार कोस खड्ड्याचा रस्ता. कुठं लागत हुतं ते बाईला सांगाय नको, आन गड्याला सांगायची सोय न्हवती. कातडं सोललं. मुतायला बसले की डोळ्यात पानी यायचं. मालकांना येवढंच म्हनले, शीट टोचतीया. ते खाटंवरनं म्हनले, "वर गादी घाल की." गादी घाल! ज्याला बसायचं न्हाय त्याला लई सुचतं.

घातली. चिंध्यांची चौघडी शिवली, सुतळीनं बांधली. ती चौघडी वाटंनं सरकायची, गोळा व्हायची. वर शीट उंच झाली, पाय पायडलला पुरंना, मंग येका कुशीवर कलंडून पाय मारायचा. त्यानं आनखी सोललं. कालव्याच्या पुलापासनं उतरून चालत गेले. फाटकात शिरले तवा सात वाजून पंधरा मिन्टं. पयला उशीर.

म्हनून त्या दिवशी मी दुकानात गेले.

"काय झालं वैनी?" दुकानदार म्हनला.

"शीट बदलायची."

"मोडली?"

"न्हाय."

"फाटली?"

"न्हाय. टोचतीया."

"कुठं टोचतीया?"

त्यानं साधंच इचारलं आसंल, देव जानं. पन ट्रॅक्टरवाला आसा हसला की तोंडातली तंबाखू छातीवर सांडली. म्हनला, "सांगा की वैनी, कुठं! त्याला कळल्याबिगर त्यो पाना कुठं लावंल?"

टपरीवाला म्हनला, "आरं, बाईची जात मऊ. तिला सोफा बसव."

"सोफा बसव आन वर पंखा लाव. हवेशीर जाऊ दी बारामतीला."

दुकानदार बी खाली मान घालून हसला. मी दिरांकडं बगितलं. घरचं मानूस म्हनून कायतरी बोलतील, आसं वाटलं मला. येडीच मी. थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडानं बोलत न्हाय, आशी आमच्यात रीत. पन रीत पाळून बी मानूस सोलता येतं. ते दुकानदाराकडं बगून म्हनले, "तिला म्हनावं, घरी बस. घरातली भुई कुनाला टोचत न्हाय. आमच्या उसात बाया मिळंनात आन ही रेस खेळाय जातीया."

म्या बी दुकानदाराकडंच बगितलं. म्हनले, "थोरल्या भावजींना सांगा, भुई न्हाय टोचत. भाकरी वाडनाऱ्याचं तोंड टोचतंय."

मंग कुनी हसलं न्हाय. दिरांनी मळल्याली तंबाखू तोंडात न टाकता तशीच खाली झटकली आन गेले. दुकानदारानं आतनं येक शीट आनली. लाल रेक्झीनची, जाड, आत स्पंज. अंगठा दाबला की आत जायचा. म्हनला, "ही घ्या, समद्यात मऊ. हिच्यावर बी टोचलं तर सायकलीचा दोष न्हाय." म्हंजी माझा दोष. बसवून घेतली.

दुखनं नक्की कुठं हाय ते मी सांगितलं न्हाय. पन नीट इचारलं बी कुनी न्हाय.

त्या स्पंजानं माझा जीव काडला. दुकानात बोट आत जायचं तवा वाटायचं, ढगावर बसल्यावानी हुईल. बसल्यावर दोनी बाजू खाली दबायच्या आन मधला स्पंज वर यायचा. आदी फकस्त टोचत हुतं, आता दाबाय लागलं. त्यात रेक्झीनचा घाम. तिसऱ्या दिशी लुगड्याला रगत लागलं. कॅन धुताना बाकीच्या बायांना वाटलं पाळी हाय, म्या बी व्हय म्हनले. त्याच आठवड्यात दुसरा उशीर झाला. सुपरवायझरनं नुसती दोन बोटं दावली.

आयतवारी सुट्टी. मी पडवीत पानी भरत हुते, पाय फाकून चालत हुते. सासू दारात बसल्याली. ती माझ्याशी आयुष्यात गोड बोलली न्हाय, कारन मी तिनं पसंत केल्याली न्हवते, सासऱ्यांनी केल्याली. ती म्हनली, "चाल बगा महाराणीची. खोगीर लागल्याल्या घोडीवानी."

मी घागर खाली ठिवली.

खोगीर म्हंजी घोडीच्या पाठीवर घालायची गादी. लोकरीचं जेन आसतं, लाथा मारून मारून घट्ट केल्यालं, फळीवानी. त्याच्यावर बिऱ्हाडाचं वझं. लांब चाल झाली की घोडीची पाठ सोलायची, त्याला म्हनायचं खोगीर लागलं. नवखं मानूस काय करतं? सोलल्याल्या जागंवर आनखी घोंगडं घालतं, मऊ पडंल म्हनून. माझा बाप आशा मानसाला शिव्या घालायचा. मऊ घातलं की ती जागा आनखी दाबती. बाप खोगीर उलटं करायचा, जखम कुठं येती ते बगायचा आन कातरीनं तितलं जेन कापून टाकायचा. जखमंला काय लागूच द्यायचं न्हाय. वझं दोनी बाजूच्या फासळ्यांवर बसवायचं, हाडावर. हाडाला टनक चालतं. दुसऱ्या दिशी त्याच घोडीवर बिऱ्हाड चढायचं. हे मी शंभरदा डोळ्यानं बगितल्यालं. आन मी घोडीला करत्यात ते सोडून मानसांचं ऐकत बसले, चौघडी शिवत बसले. माझी चूक झाली म्हनायची तर हीच.

आदी माझं हाड कुठं टेकतंय ते बगायचं हुतं. परड्यात राख हुती, तिच्यावर पानी मारलं, थापली आन काष्टा सोडून तिच्यावर बसले. उठून बगितलं तर दोन खड्डे. ह्या खड्ड्याच्या भायेरच्या कडंपासनं त्या कडंपतूर आठ बोटं. रेसच्या शीटवर टेकायची जागा पाच बोटं. म्हंजी हाडं दोनीकडनं भायेर, आन समदं वझं मधल्या मासावर. स्पंजाची रुंद हुती, पन तिला हाड आन मास कळत न्हवतं.

तशीच दुकानात गेले. दुकानदार येकटा हुता. म्हनले, "ही लाल घ्या माघारी. त्या भंगारात जुनी शीट पडलीया ती द्या. लोखंडी, रुंद, सपरिंगाची."

"ती? आवं, तिचं कातडं मधनं फाटलंय."

"मधनं फाटल्यालीच पायजे."

त्यानं माझ्याकडं बगितलं, टाळक्यात फरक पडलाय का म्हनून. "वैनी, ती बसनार न्हाय हो. लोक हसत्याल."

"हसायचं ऱ्हायलंय का कुनाचं? तुमी बी हसला. पाना द्या, माझी मी बसवते."

पाना त्यानं हातात दिला न्हाय, बाईच्या हातात पाना देऊन दुकानाची शोभा जाती. त्यानंच बसवली. "शीटचं नाक जरा खाली करा," म्या म्हनले, तवा त्यानं तोंड वाकडं केलं, पन केलं. पाय पुरंल येवढी खाली घेतली. माघारी येताना बसून बगितलं. निम्मं दुखनं गेलं. पन फाटल्याल्या कातड्याच्या कडा तारंवानी कडक, आन दोनी हाडांखाली लोखंड. हाडाखाली जेन पायजे हुतं, दोन तुकडं, मधी मोकळं ठिवून. स्पंज न्हाय, चिंधी न्हाय. जेनच.

आन जेन घरात हुतं. माळ्यावर, कापडात गुंडाळून. सासऱ्यांच्या शेवटच्या घोडीचं खोगीर. मेंढरं गेली, घोडी गेली, त्येवढं ऱ्हायल्यालं. दसऱ्याला सासू ते खाली काढायची, बिरोबाच्या टाकापाशी ठिवायची, हळद वाहायची, निवद दावायची. वरीसभर हात लावून द्यायची न्हाय.

मी सांजच्याला सासूला इचारलं. चोरी मागनं केली, आदी इचारलं. म्हनले, "आत्याबाई, खोगिराचा दोन वीत तुकडा द्या. शीटला लावायचाय. माझं अंग फाटलंय."

ती म्हनली, "देवाचं खोगीर तुझ्या बुडाखाली घालू?"

"घोडीच्या पाठीवर हुतंच की. त्याच्यावर तुमी बी बसला आसाल."

"मी बसले ती मालकाच्या मागनं बसले. तुझ्यावानी मोकाट फिरले न्हाय. जा थोरल्याच्या उसात. उसात अंग फाटत न्हाय कुनाचं."

"पुन्यांदा मागते. उद्या तिसरा उशीर झाला तर बिल्ला जातोय. मंग तुमची भाकरी बी थोरल्याकडनंच यायची."

"थोरला माझा ल्योक हाय. मला त्याच्या भाकरीची लाज न्हाय."

मालक खाटंवर हुते. हाताच्या अंतरावर. समदं ऐकलं आन भिताडाकडं तोंड केलं. कंबर मोडली हुती, तोंड न्हवतं मोडलं. ते मी त्यास्नी नंतर कवाच बोलून दावलं न्हाय, पन हितं लिवते.

सासू बिरोबाच्या देवळात दिवा लावायला गेली. म्या शिडी लावली, माळ्यावर चढले, खोगीर काढलं. हळदीनं पिवळं पडल्यालं. उलटं केलं. मेंढरं कातरायची जुनी कातर घरात हुतीच. दोन तुकडं काढले, तळहाताएवढे. ऱ्हायल्यालं परत गुंडाळलं आन जितल्या तितं ठिवलं. दाभन घेऊन तुकडं शीटच्या दोनी बाजूला टाचले, मधी तीन बोटं मोकळी. काष्ट्याची घडी त्या मोकळ्या जागंत बसली. कुठंच काय टेकलं न्हाय.

सोमवारी निगाले. कालव्याच्या पुलावर उतरायची पाळी यायची, त्या दिवशी उतरले न्हाय. लाकडासारखं टनक लागत हुतं, पन हाडालाच. जखमंला वारा लागत हुता. फाटकात शिरले तवा सात वाजायला धा मिन्टं कमी. सुपरवायझर घड्याळाकडं बगत हुता, माझ्याकडं न्हाय. तिसरा उशीर त्याच्या वहीत कवाच चढला न्हाय. मी त्या प्लांटात अकरा वर्सं काम केलं.

आता घरचं सांगते. दसरा येईपतूर कळनार न्हाय आसं मला वाटल्यालं. चार दिसांत कळलं. सासूनं शीट बगितली, तिला पिवळं जेन दिसलं. ती आरडली न्हाय. खोगीर खाली काढून अंगनात ठिवलं आन थोरल्या ल्योकाला बोलावनं धाडलं. गल्ली गोळा झाली.

दीर आले. बोलनं तुटल्यालं, तरी रीत पाळून धाकट्या भावाला म्हनले, "तुझ्या बायकूनं बापाचा देव कातरला. तिला म्हनावं, आत्ताच्या आत्ता ते तुकडं काड, देवाम्होरं नाक घास आन ती सायकल कालव्यात टाक. मंग आमी बगू तिला घरात ठिवायचं का."

मालक म्हनले, "दादा, मला उठता येत न्हाय." येवढंच.

म्या म्हनले, "समद्यांनी ऐका. नाक घासते. देवाम्होरं घासते, मानसाम्होरं न्हाय. पन तुकडं काडनार न्हाय. देव घोडीच्या पाठीवर ऱ्हायला तवा त्याचा इटाळ झाला न्हाय. माझा कसा हुतोय?"

जाऊ मागनं म्हनली, "तोंड बगा. चोराच्या उलट्या बोंबा."

"इचारलं हुतं. दिलं न्हाय. तवा चोरलं. व्हय, चोरलंच."

म्या देवाम्होरं नाक घासलं, तिथल्या तिथं. मंग सायकल घरात वडली आन दार लावलं. दुसऱ्या दिशी कामाला गेले.

सासू त्या दिवसापासनं माझ्या हातचं पानी पेली न्हाय. आमच्याच घरात ऱ्हायली, माझ्याच पगाराचं धान्य दळून खाल्लं, पन भाकरी स्वताच्या हातानं थापायची. नऊ वर्सं. शेवटी अंथरुनाला खिळली तवा जाऊ सकाळ-संध्याकाळ येऊन पानी पाजायची. मरायच्या दिवशी जाऊला यायला येळ झाला. सासूचं तोंड कोरडं पडल्यालं. मी फुलपात्र न्हेलं. तिनं डोळं उघडून बगितलं, व्हट मिटून घेतले. मी फुलपात्र उशाला ठिवून भायेर आले. तिनं तहान सोसली, मी अपमान सोसला. दोघी बी सोसायला पक्क्या.

लोक म्हनत्यात, मेल्याल्या मानसावर राग धरू नये. मला जमलं न्हाय. घोडीला लागलं तवा माझ्या बापावानी सासऱ्यांनी बी खोगीर कापलं आसंल, त्यांच्याच घरात मला लागलं तवा देव आडवा आला. ते मला अजून बी गिळवत न्हाय.

वाचनाऱ्यांनो, येकच मागते. तुमच्या घरात माळ्यावर जेन, घोंगडं, खोगीर, काय बी जुनं बांधून ठिवल्यालं आसंल, आन घरातल्या बाईचं अंग सोलत आसंल, तर ते काडून तिच्या हातात द्या. तिला शिडी लावाय लावू नका.